निळी दिसलेली साडी

दूध निळं दिसलं म्हणून मी सकाळी सकाळी रेवाभाईला झाडलं. पांढऱ्या कपड्यांना नीळ जरा जास्त झाली की जो रंग येतो ना, तसं पातेल्यातलं दूध. रेवाभाई भरवाड आमच्या गोरव्याच्या टेनामेंटमध्ये, ह्या बैठ्या घरांच्या सोसायटीत, दूध घालायला लागला तेव्हापासून त्याची माझी रोज एक चकमक होतेच, पण आज मी जास्त बोलले. म्हटलं, "पाणी घालतोस ते मी मुकाट्यानं पीत आले, आता नीळसुद्धा पाजणार का?" त्याने किटली खाली ठेवली, पातेल्यात वाकून बघितलं, मग माझ्या तोंडाकडे बघितलं. "बा, दूध तो धोळुंज छे. आंख बतावो कोईने." दूध पांढरंच आहे, डोळे दाखवा म्हणे कुणाला तरी. मला! मी फाटक त्याच्या तोंडावर लावून घेतलं आणि पातेलं धरून तशीच उभी राहिले. उत्तरायण होऊन गेली होती, विजेच्या तारांवर फाटके पतंग अजून लोंबत होते. शेजारच्यांची नुकतीच पांढरी केलेली भिंत, तीही निळसर. पातेल्याची कड निळसर. नाक चोंदलेलं, गाल असे तापलेले की जणू मघापासून चुलीसमोर बसलेय. पण मी कुणाला बोलले नाही. आमच्या घरात आजार ह्यांना होतात. साखर ह्यांना, प्रेशर ह्यांना, गुडघे ह्यांचे. मला काही होत नाही, आणि ते सगळ्या सोसायटीला ठाऊक आहे, कारण मीच ते सांगत असते.

हे म्हणजे माझे यजमान, श्रीपतराव. कोयलीच्या रिफायनरीत जन्म काढला आणि आता घरी बसून पेपर वाचतात. मी शाळेत चौथीपर्यंत गेले, तीही रडतरडत. घर मात्र मी चालवलं. कोयलीला क्वार्टरमध्ये राहत होतो तेव्हापासून माझा एकच कायदा, घरात कुणी एकटं खायचं नाही. एक पेरू आला तरी त्याच्या फोडी होणार, फोड बोटाएवढी का असेना. ह्याला कारण माझे वडील. जळगावला आमच्या घरी तुपाचा डबा दाराआड असायचा. वडील जेवून उठले की दाराआड जायचे, आम्ही भावंडं चटईवर बसून नुसता वास घ्यायचो, आणि आई खाली मान घालून ताटं उचलायची. दाराआडून चमचा वाजल्याचा आवाज यायचा. तो आवाज मी अजून विसरलेले नाही. म्हणून गेल्या पावसाळ्यापासून हे जेव्हा जेवण झाल्यावर स्वयंपाकघराच्या दाराआड जाऊन चमचा वाजवायला लागले, तेव्हा माझ्या डोक्यात तिडीक गेली. डभोईहून बरणी आणली होती. धनाजीराव म्हणून ह्यांच्याबरोबर कामाला होते, ते ह्यांना बसने कुठल्याशा वैद्याकडे घेऊन गेले होते. मातकट रंगाची पूड. "कसली?" म्हटलं, तर म्हणाले, "बत्रीसु आहे. गुडघ्यांना चांगलं." बत्रीसु मला ठाऊक आहे, इथले गुजराती लोक थंडीतल्या लाडू-वड्यांत घालतात, बत्तीस औषधांची पूड. मग दाराआड कशाला? रोज नाही, कधीमधी, दुपारी, दुधातून. बरणी पिठाच्या डब्यामागे ढकललेली. म्हटलं, वा! म्हातारपणी वडिलांचा डबा माझ्या घरात आला.

तर ह्या संक्रांतीनंतर, म्हणजे कालच, डिंकाचे लाडू केले तेव्हा ती बरणी मी सगळीच्या सगळी त्यांत ओतली. डिंक फुलवला, खारीक कुटली, खोबरं भाजलं, गूळ विरघळला, आणि शेवटी ती पूड, मूठ मूठ करून. खाली बसलेले खडेसुद्धा उलथन्याने फोडून घातले. चव जरा कडवट झाली, पण औषधी म्हटलं की कडू असायचंच. आणि मी ते लपवलंही नाही. ह्यांच्यासमोर ताटली ठेवली आणि म्हटलं, "तुमचा खजिना लुटला बरं का. आता खा सगळ्यांबरोबर." हे ताटलीकडे बघत राहिले. मग म्हणाले, "मला नको. साखर आहे ना." दर वर्षी डबा फडताळात वर ठेवावा लागतो, इतका हा माणूस चोरून खातो, आणि यंदा म्हणे साखर आहे. मला वाटलं, खजिना गेला म्हणून रुसले. मला मजा वाटली. रुसा.

रेवाभाई गेला आणि थोड्या वेळाने रमाकांत भावजी आले. ह्यांचे धाकटे भाऊ. बायको जाऊन पुष्कळ वर्षं झाली, एकुलता मुलगा अनय अहमदाबादला. भावजी अलकापुरीच्या मागे एका जुन्या इमारतीत एकटे राहतात, शर्टाला स्वतः इस्त्री करतात, आणि रोज सकाळी फिरत फिरत आमच्याकडे चहाला येतात. गेल्या वर्षी हृदयाची नळी साफ केली, तेव्हापासून खिशात जिभेखाली ठेवायची गोळी असते. आज थंडी फार म्हणून पहाटे उठल्याउठल्या मी दोन लाडू खाल्ले होते, त्यांच्याही पुढे दोन ठेवले. त्यांनी एक तोडला आणि म्हणाले, "वहिनी, यंदा काहीतरी निराळं घातलंय तुम्ही."

"घातलंय तर. तुमच्या भावाला विचारा."

"काय रे दादा?"

हे पेपरमागे होते. पेपर खाली आला नाही. फक्त हात बाहेर आला आणि ताटली भावजींकडे सरकली. "घे रे, अजून एक घे."

मी हसले. मी हसले हे मला दिवसभर आठवत राहिलं.

चहा पिऊन भावजी अंगणात कढीपत्ता तोडायला गेले आणि तिथून छातीवर हात ठेवून परत आले. "वहिनी, जरा दाबल्यासारखं होतंय." घाबरले नव्हते, सवयीचं होतं त्यांना. खुर्चीत बसले, खिशातली गोळी काढून जिभेखाली ठेवली. मी पंखा लावला, म्हटलं, बोलू नका, विरघळू दे. आणि बघता बघता त्यांच्या तोंडावरून रंग उतरला. कपडा पिळल्यावर पाणी निथळतं ना, तसा. ओठ राखेसारखे. "वहिनी, अंधार..." एवढं म्हणून ते खुर्चीतून घसरले, आणि त्यांचं डोकं फरशीवर आपटू नये म्हणून मी माझा पाय पुढे घातला. हे उभे होते, पेपर हातात, आणि तोंडाने नुसतं "रमा, रमा" चाललेलं. १०८ ला फोन मी लावला. पाय वर करून मी धरले. गाडीत पुढे मी बसले, अनयला फोनही तिथूनच मी केला.

अलकापुरीच्या बाजूच्या एका दवाखान्यात नेलं. सलाईन लावलं, खाट पायाकडून वर केली, आणि पुष्कळ वेळाने त्यांनी डोळे उघडले. डॉक्टरीण आमच्या मुलीच्या, योगिनीच्या वयाची, नीरजा नावाची, मराठीच निघाली. ते बरं वाटलं मला, पण थोडाच वेळ. तिने खाटेजवळ येऊन आवाज खाली केला. "काका, त्या गोळीने प्रेशर थोडं उतरतं, पण इतकं कोसळत नाही. काल-आज दुसरं काही घेतलं होतं का तुम्ही? पुरुष घेतात ती गोळी?"

"कसली?"

"संबंधांसाठी घेतात ती. लाजू नका. ती आणि ही एकत्र पोटात गेली की असंच होतं. माणूस जातोसुद्धा. पुढचं औषध त्यावर ठरवायचंय."

"नाही हो," भावजी म्हणाले. "काहीतरीच काय." इतके लाजले की त्या पांढऱ्याफटक तोंडावर पहिल्यांदा रंग आला.

"सगळे आधी नाहीच म्हणतात. बरं, डोळ्यांना काही वेगळं दिसतंय? निळसर?"

भावजींनी मान वळवली. माझ्याकडे बघितलं, आणि शाळेतल्या मुलाने खरं उत्तर द्यावं तसं म्हणाले, "हो. वहिनींची साडी निळी दिसतेय. निळी नाहीये का?"

साडी मोतिया होती. मोतिया कोटा, काठ लाल. डॉक्टरणीने माझ्या साडीकडे बघितलं आणि मान हलवली, मिळालं उत्तर म्हणून. शेजारच्या खाटेवरच्या माणसाची बायको तोंडाला पदर लावून हसली. तेवढ्यात अनय पोचला, अहमदाबादहून गाडी मारत, आणि दारातच त्याने शेवटचं ऐकलं. त्याचं तोंड बघवेना. "बाबा, ह्या वयात? कोण, ती कांचनबेन ना?" कांचनबेन भावजींच्या वरच्या मजल्यावर राहते, विधवा आहे, त्यांना कधी भाकरी पाठवते, कधी उंधियू. आणि मी, मला धक्का बसला होता असं म्हणेन मी, पण धक्क्यातही माझी जीभ मात्र धड होती, मी म्हटलं, "मला वाटलंच होतं. भाकरीला फार चव असते तिच्या." भावजींनी माझ्याकडे बघितलं. मग हळूच भिंतीकडे तोंड केलं. मी ह्यांच्याकडे वळले तर हे दारातून बाहेर पडत होते. "गॅस बंद केला का बघून येतो," म्हणाले. गॅस मी बंद केला होता.

मी बाहेरच्या बाकावर बसले, आणि समोरच्या भिंतीवर जी फिक्की निळाई होती ती बघत राहिले. मग पहिल्यांदा वाटलं, भिंत निळी नाही. मग वाटलं, दूध निळं नव्हतं. मला निळं दिसतंय, भावजींना निळं दिसतंय, आणि ह्या घरात आज आम्ही दोघांनीच जे खाल्लं ते एकच. हे मनात आलं आणि लगेच दुसरं आलं, आणि ते असं आलं की मी बाक घट्ट धरला. कुणीतरी मला ह्याच साडीला निळी म्हटलं होतं. आषाढात. दुपारी. पडदा ओढलेला, बाहेर रिक्षांचे हॉर्न, आणि हे माझ्या खांद्याशी म्हणाले होते, "निळी साडी तुला शोभते." मी ही मोतिया नेसले होते. मला वाटलं, मोतीबिंदू झालाय म्हाताऱ्याला. मग वाटलं, असू दे, निळी तर निळी, इतक्या वर्षांनी साडीकडे बघितलं तर.

कारण त्याआधी कितीतरी वर्षं काही नव्हतं. ह्यांची साखर वाढली, प्रेशरची गोळी लागली, आणि एक दिवस हे भिंतीकडे तोंड करून झोपायला लागले. कुणी काही बोललं नाही. मी बोलले नाही, मी, जी रेवाभाईला सोडत नाही. मी त्या पाठीकडे बघत झोपायचे आणि मनात म्हणायचे, संपलं, बाई, आता तू घरातली एक पातेली. भजनाच्या मंडळात बायका आपापल्या म्हाताऱ्यांच्या तक्रारी सांगायच्या तेव्हा मी म्हणायचे, माझ्या यजमानांना चष्म्याशिवाय कशाची गरज लागत नाही. सगळ्या हसायच्या. आणि मग गेल्या पावसाळ्यात एका दुपारी ह्यांनी हात पुढे केला. मी आधी हात झटकला, इतकी मला सवय सुटली होती. मग नाही झटकला. तेव्हापासून मी दुपारी केस विंचरून झोपायला लागले. पुन्हा काजळ घालायला लागले, थोडंसं, दिसणार नाही एवढं. आरशासमोर उभी राहून गळ्याची कातडी मागे ओढून बघायचे, आणि मनात म्हणायचे, आहे, अजून आहे काहीतरी ह्या बाईत, नाहीतर ह्या माणसाला साठी उलटल्यावर उगाच जाग येते का? कुणाला सांगितलं नाही. हे एकच सुख मी वाटलं नाही. त्या दुपारी ह्यांचं तोंड लालबुंद व्हायचं, डोकं दुखायचं, नाक चोंदायचं, आणि मी विक्स लावून म्हणायचे, "एवढं झेपत नाही तर कशाला?" आणि आतून मी फुलून जायचे. माझ्यामुळे डोकं दुखतं, असं समजून फुलून जायचे. आणि त्याच दुपारी, त्याच्या आधी, दाराआड चमचा वाजायचा. चमचा वाजला की मला राग यायचा, आणि थोड्या वेळाने हात पुढे आला की राग जायचा. ह्या दोन गोष्टी एकमेकींच्या इतक्या जवळ पडून होत्या आणि मी, माणसं ओळखते म्हणून मिरवणारी, त्या कधी जोडल्या नाहीत. एक चमचा. एवढीच का माझी किंमत, एक चमचा आणि कपभर दूध? बाकावर बसून माझे कान वाजायला लागले. नर्स म्हणाली, "बा, पाणी आपुं?" मी नको म्हटलं आणि उठून रिक्षा केली.

घरी दार नुसतं लोटलेलं होतं. हे स्वयंपाकघरात खाली बसले होते, लाडवांचा डबा मांडीत, आणि एक एक लाडू प्लास्टिकच्या पिशवीत टाकत होते. योगिनीसाठी भरून ठेवलेला वेगळा डबाही खाली काढलेला. तिचा नवरा प्रेशरचा पेशंट, रविवारी आणंदहून येऊन ती तो डबा नेणार होती. मला बघितलं तेव्हा ह्यांच्या हातात एक लाडू तसाच राहिला.

"गॅस बंद आहे का?" मी विचारलं.

ह्यांनी तो लाडू पिशवीत सोडला.

"काय आहे त्यात?"

"झाडपाला. वैद्य म्हणाला शंभर टक्के देशी आहे. इंग्लिश गोळीसारखा धोका नाही म्हणाला. मला वाटलं..."

"देशी खाऊन निळं दिसतं?"

"थोडा वेळ दिसतं. मग जातं." हे पटकन बोलून गेले आणि मग त्यांना कळलं काय बोललो ते.

"म्हणजे तुम्हाला ठाऊक होतं. ती डॉक्टरीण निळं म्हणाली, आणि तुम्ही पळालात. तिथे सांगायचं सोडून इथे पुरावा टाकायला आलात."

"तसं नाही गं. दुसऱ्या कुणी खाऊ नये म्हणून..."

"कालही कुणी खाऊ नये असं नाही वाटलं? मी तुमच्यासमोर सांगितलं की बरणी ओतली. तुम्ही स्वतः खाल्ला नाहीत. आणि भावाकडे ताटली तुम्ही सरकवलीत, ह्या हाताने. घे म्हणालात अजून एक."

"तो विचारत होता ना काय घातलंय म्हणून." ह्यांचा आवाज एकदम लहान झाला. "तू हसत होतीस. मला विषय बदलायचा होता. एका लाडवात असून किती असणार, असं वाटलं. आणि सांगायचं म्हटलं तर सगळंच सांगावं लागलं असतं. तुला."

मला सांगावं लागलं असतं. म्हणून भाऊ मेला तरी चालेल, बायको मेली तरी चालेल. आणि गंमत बघा, त्या क्षणी मला विचारायचं होतं ते हे नव्हतंच. भावजी तिथे सलाईनला लटकलेले, आणि माझ्या तोंडून निघालं, "साडी मोतिया होती. तुम्ही निळी म्हणालात."

"मला कुठे माहीत," हे म्हणाले. "मला तशीच दिसली."

मी डबा त्यांच्या मांडीवरून उचलला. पिशवीतले लाडू परत डब्यात घातले. हे म्हणाले, "अगं, कशाला? रमा शुद्धीवर आलाय. आता कुणाला सांगून काय होणार आहे? दोन दिवस लोक बोलतील आणि विसरतील."

"कुणाबद्दल बोलतील?"

ह्यांनी रिकाम्या पिशवीची घडी घातली.

"अनय त्यांना अहमदाबादला नेतोय, मी निघताना ऐकलं. एकटं ठेवायच्या लायकीचे राहिले नाहीत म्हणतोय. घर भाड्याने देणार. तो माणूस तिथे एका खोलीत सुनेच्या नजरेखाली राहील, आणि त्या कांचनबेनला इथे जिना उतरायची सोय राहणार नाही. कशासाठी? तुमच्या गुडघ्यांसाठी?"

रिक्षात हे माझ्या शेजारी बसले. मी बोलावलं नव्हतं, आपणहून बसले. डबा माझ्या मांडीवर. मी सगळा रस्ता विचार करत होते की हे मी सांगणार कसं. मला लाज वाटत होती असं म्हटलं तर ते थोडं खोटं होईल. लाज नव्हती ती, भीती होती. उद्या मंडळात मी पेटीशेजारी बसेन आणि सगळ्या एकमेकींकडे बघतील. बोलणार कुणी नाही, माझ्या जिभेला घाबरतात. पण घरी जाऊन हसतील. म्हातारीला हौस होती म्हणतील. मी आजवर प्रत्येकीच्या घरातलं काढलं आहे, कुणाची सून, कुणाचा जावई. आता माझी पाळी. गप्प बसले तर? भावजी काही मरत नाहीत. डॉक्टरणीला उत्तर मिळालंच आहे, चुकीच्या माणसाच्या नावावर मिळालंय एवढंच. आणि भावजी बोलणार नाहीत. ते कधी बोलले आहेत? बायको गेली तेव्हासुद्धा हा माणूस कोपऱ्यात उभा राहून लोकांच्या चपला सरळ करत होता. रिक्षावाल्याने खड्ड्यात गाडी घातली, डबा उडाला, आणि ह्यांनी आणि मी एकदम तो धरला. दोघांचे हात डब्यावर. मी माझा काढला नाही, ह्यांनी त्यांचा काढला.

वॉर्डात अनय फोनवर दलालाशी बोलत होता, दोन खोल्या, फॅमिलीलाच द्यायचंय. भावजी अजून भिंतीकडे तोंड करून. तशी पाठ मी फार वर्षं बघितली आहे. नीरजा डॉक्टर शेजारच्या खाटेशी उभी होती. मी खाटेच्या पायाशी गेले आणि डबा लोखंडी टेबलावर असा ठेवला की सगळ्यांनी बघितलं.

"अनय, फोन ठेव."

"काकू, एक मिनिट."

"ठेव म्हटलं ना." त्याने ठेवला. "डॉक्टर, भावजींनी काही घेतलं नव्हतं. मी खायला घातलं. डभोईच्या वैद्याची पूड होती घरात, मी लाडवात घातली. मला ठाऊक नव्हतं काय आहे. मीही खाल्ले, मलाही सकाळपासून निळं दिसतंय. भावजींनी दोन खाल्ले आणि वर ती गोळी ठेवली."

डॉक्टरणीने झाकण काढलं, वास घेतला. "असल्या पुडीत तीच गोळी कुटून घालतात, काकू. किती घातली, काही माप नसतं. हे मी तपासायला पाठवते." मग जरा थांबून म्हणाली, "पूड घरात कुणाची होती? त्यांनाही बघायला हवं. साखर, प्रेशर असेल तर त्यांनाही धोका आहे."

भावजी वळले होते. माझ्याकडे बघत नव्हते, माझ्या मागे, दाराशी उभ्या असलेल्या ह्यांच्याकडे बघत होते. अनयही. शेजारची ती बाईही, पदर तयारच धरून. मी ह्यांना वेळ दिला. खरंच दिला. म्हटलं, आता बोलतील, एवढं एकच वाक्य तर आहे. हे चपलेच्या अंगठ्याकडे बघत राहिले, कान लाल. ह्या वेळी पूड नव्हती पोटात, तरी लाल.

"ह्यांची," मी म्हटलं. "आणि एकट्या ह्यांची कशी असेल? ती पूड बायकोसाठी घेतात, आणि बायको मी आहे. मी सहासष्ट वर्षांची आहे. गेल्या पावसाळ्यापासून चाललंय. कांचनबेनबद्दल मी मघाशी बोलले ते माझ्या ह्याच तोंडाने परत घेते. ज्याला हसायचं असेल त्याने आत्ताच हसून घ्यावं, मागून हसलेलं मला चालत नाही."

कुणी हसलं नाही. कुठेतरी सलाईनचं यंत्र टिंग टिंग करत होतं. अनय म्हणाला, "काकू, अहो..." तो वडिलांच्या खाटेशी गेला, उशी उगाच सरळ केली, आणि मग तिथेच बसला, हात त्यांच्या पायावर ठेवून. भावजींनी आपला हात डोळ्यांवर घेतला. रडत होते का हसत होते ते मला कळलं नाही, आणि मी बघितलंही नाही नीट.

नर्स माझ्याकडे आली. "बा, तमे पण खाधा ने? बेसो. हाथ आपो." मीही खाल्ले होतेच. मी स्टुलावर बसले. तिने माझा दंड मोकळा केला, पट्टा गुंडाळला आणि फुगा दाबायला लागली. पट्टा आवळत गेला, अजून आवळला, आणि मग दंडात माझंच रक्त ठोके द्यायला लागलं, जोरजोरात, इतकं की मला वाटलं सगळ्या वॉर्डाला ऐकू जात असेल. ते ठोके मी मोजले नाहीत, नुसते ऐकले. आतून येत होते. कुणी चमच्याने घातलेले नव्हते. निदान मला तसं वाटलं. हे दारातून हळूहळू आत आले आणि माझ्या बाजूला उभे राहिले, खांदा लागणार नाही एवढं अंतर ठेवून.

"फार आवळतं का गं?"

"आवळू दे," मी म्हटलं.